सात नंबरच्या डबीचं गोणपाट

बसा रे, कणसं करपू देऊ नका. मापोपा गोंडवेचं सांगतो. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या.

विफ्याच्या पाइन जंगलात झाडांना ठोकलेल्या डब्या तुम्ही रोज बघता. धूर लागला की एक डबी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी पहारेकऱ्याचा फोन वाजतो. तेव्हा पहारेकरी मापोपा. सात नंबरच्या डबीजवळ म्हातारा झ्गाम्बो मध काढायचा. पोळ्याला धूर दिला की फोन वाजायचा, आणि मापोपा शिव्या घालत मोटारसायकल काढायचा. एकदा वैतागून त्यानं डबीला ओलं गोणपाटच गुंडाळलं.

"अरे पोरा, हिचं तोंड बांधलंस? वणवा आला तर ओरडणार कोण?" म्हातारा म्हणाला.

"तुम्ही ओरडा की, आजोबा! गळा तर वळूचा आहे तुमचा."

वणवा आला. म्हातारा ओरडला असेलही... ऐकायला होतं कोण? पोळ्याच्या झाडाखालीच सापडला बिचारा. मापोपानं गोणपाटाच्या चिंध्या गुपचूप काढल्या, "डबी बिघडली होती," म्हणून सांगितलं, आणि वर प्रेताला खांदाही दिला. निर्लज्ज मेला!

पुढच्या ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. मी तेव्हा वणव्यावर नजर ठेवायला मनोऱ्यावर असायचो; रात्री मापोपा बॅटऱ्या द्यायला माझ्याकडे आला होता. त्याचा फोन वाजला. सात नंबर.

"सात तर जळून गेली ना रे? नवी कुठे लावलीय अजून?" मी म्हटलं.

फोन पुन्हा वाजला. आठ. मग नऊ... दहा... धूर डबीडबीनं गावाकडे निघाला होता. खिडकीतून बघतो तर जंगल काळं ठिक्कर. ठिणगीसुद्धा नाही.

"शेवटची बारा," तो पुटपुटला. "माझ्या अंगणातल्या खांबावर आहे, काका. घरात वेझी... लेक..."

अकरा.

मग फोन गप्प.

बारा नंबर बोललीच नाही. मापोपाचा जीव भांड्यात पडला. "बघा काका, काही नाही. डबी बिघडली असेल..." म्हणाला, आणि हसता हसता थांबला.

मोटारसायकलवर मी मागे बसलो. उतार संपला... घर छपरापर्यंत पेटलेलं. "वेझी!" ओरडत तो आत घुसला.

बायको तर शेजारच्या अंगणात उभी होती. कडेवर लेक. ती हाका मारत होती. मी मारत होतो. सगळा गाव मारत होता...

त्याला ऐकूच गेलं नाही.

मागून वेझीनं सांगितलं, दारात कुणी म्हातारा ओरडला होता, "पोरी, लेकराला घे, बाहेर पड!" वळूसारखा गळा. दार उघडलं तर कुणी नाही. सूड घेतला म्हाताऱ्यानं, पण लेकराच्या केसाला धक्का लावला नाही.

सकाळी मी खांबापाशी गेलो. अंगणाची राख झाली होती. बारा नंबरच्या डबीला गोणपाट गुंडाळलेलं होतं. मी हात लावला...

अजून ठिबकत होतं.