एका दुपट्यातला मागपाझर

तापछावणीत औषधाची एकच कुपी उरली होती, आणि सुगंधा भिसेच्या दोन्ही जुळ्या पोरी तापाने फणफणल्या होत्या. तिथे वशिल्याची माणसंही हात हलवत परत जात होती. पण सुगंधाला कुपी मिळणार होती, आणि तीही एका जुन्या दुपट्यामुळे!

त्याचं असं आहे. गणितातलं एखादं मोठं प्रमेय सापडतं, तेव्हा ते थोडं मागे, भूतकाळातही झिरपतं. शोध लावणाऱ्याच्या अगदी जवळच्या माणसाच्या हातात ते आधीच उतरतं, रांगोळीत, विणकामात, टाक्यांत. त्या माणसाला पत्ताही नसतो. याला मागपाझर म्हणत. आजवर एकही मागपाझर खोटा ठरला नव्हता, म्हणून सरकारने कायदाच केला की पुढे असा शोध लावणारं मूल आधी वाचवायचं. बाकीच्यांचं काय, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

मागपाझर खात्यातले गणिती डॉक्टर ढवळीकर पोरींचं तपासायला नेलेलं दुपटं घेऊन आले.

"ताई, या टाक्यांत अजून न सापडलेल्या प्रमेयाची सिद्धता आहे. हे कुठल्या मुलीसाठी शिवलंत?"

"दोघींसाठी, साहेब. बाळ व्हायच्या आधी त्याचं काही शिवू नये म्हणतात, म्हणून नंतर घेतलं शिवायला. आईच्या जुन्या लुगड्यात एकच निघालं. दोघी त्यातच वाढल्या."

ढवळीकरांचा चेहरा उतरला. "एकीचं नाव सांगावं लागेल."

"अगं बाई! आणि चुकीचं सांगितलं तर?"

"चुकणारच नाही. जी जगेल, तिलाच ते सापडेल."

"म्हणजे तुमच्या गणिताला कुठलीही चालेल?"

"हो."

"मग मला कशाला विचारता? टाका की चिठ्ठ्या!"

"कायद्याला आईची साक्ष लागते," ते खाली बघत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"अर्धं अर्धं द्या हो!"

"अर्ध्याने दोघीही जातील, ताई."

सुगंधाने पोरींकडे पाहिलं. कस्तुरी डोळे मिटून निपचित पडली होती. चंपा टक्क जागी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिच्या तोंडावर दुसरीचं नाव घ्यायला सुगंधाची जीभ रेटेना. केवळ एवढ्यासाठी ती म्हणाली, "चंपा."

सुई टोचून झाली. ढवळीकर रिकामी कुपी घेऊन निघून गेले.

मग कस्तुरी डोळे न उघडताच म्हणाली, "आई, मी पण जागीच होते गं."