धक्क्यावरचे सव्वीस साक्षीदार

पडद्यावरची लाँच धक्का सोडून निघाली, तेव्हा डॉ. अन्वर तांबोळींनी घड्याळात न बघताच सांगितलं, "आता अकरा सेकंदांनी."

बरोबर अकराव्या सेकंदाला खुर्चीत बसलेल्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या स्मृतिदर्शकावर त्याच्या मेंदूतला एक ठिपका उजळला. पडद्यावर नायिका लाँचच्या मागच्या डेकवर आली होती. तिने एक हात वर केला होता. तो ती हलवत नव्हती, नुसता वर धरून होती. लाँच वळणाआड जाईपर्यंत हात तसाच राहिला आणि चित्रपट संपला.

'खाडीपलीकडची' हा चित्रपट प्रदर्शित होऊन आठ वर्षं झाली होती. प्रेमकथा साधारणच होती. पण शेवटच्या प्रसंगाला थिएटरात हमखास हुंदके ऐकू येत. ते का येतात, हे शोधण्यात तांबोळी आणि डॉ. इरावती सबनीस यांची चार वर्षं गेली होती. उत्तर मिळालं, ते प्रेमकथेशी फारसं संबंधित नव्हतं.

"प्रेक्षक नायिकेसाठी रडत नाही," त्या दिवशी तांबोळी निधी देणाऱ्या समितीला समजावत होते. "दोन तास चित्रपट त्याला वाट बघायला लावतो. शेवटी निरोपाचा प्रसंग आला, की मेंदू स्वतःच्या साठ्यात तसाच प्रसंग शोधतो. प्रत्येकाकडे एखादा निरोप अपुरा राहिलेला असतो. बोलायचं राहून गेलेलं असतं, किंवा बघायचंच राहून गेलेलं असतं. ती आठवण उघडते आणि घसा दाटतो."

"पण मग रडून झाल्यावर हलकं का वाटतं?" समितीतल्या एकाने विचारलं.

याचं उत्तर इरावतीने दिलं. आठवण उघडली की काही तास मऊ राहते आणि मग पुन्हा घट्ट होते. या अवधीला त्यांनी मृदुकाळ असं नाव दिलं होतं. या काळात अपुऱ्या निरोपाला पडद्यावरच्या पुऱ्या निरोपाची जोड मिळते. मेंदू ते काम संपलं असं समजतो.

"म्हणजे दुःखावर औषध," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

इरावतीला हेच हवं होतं. नऊ महिन्यांपूर्वी तळेबंदरच्या धक्क्यापासून जेमतेम चाळीस मीटरवर एक प्रवासी लाँच बुडाली होती. एकतीस माणसं गेली. त्यांत तिचा धाकटा भाऊ सौमित्र होता. त्याला पोचवायला ती धक्क्यावर गेली होती. आणखी पंचवीस जण आपापल्या माणसांना निरोप द्यायला तिथे उभे होते. तेव्हापासून त्यांतलं कोणी धड झोपलं नव्हतं. दोघांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. स्वतः इरावतीला नळाच्या पाण्याचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता.

आठवण आणि प्रसंग जितके सारखे, तितकी ती सहज उघडते. म्हणून लाँचवरच्या निरोपाचा हाच चित्रपट या माणसांना लागू पडणार होता. तांबोळींनी एकदा अडवलं होतं. मृदुकाळात आठवणीतली नुसती वेदना बदलते की चित्रही बदलतं, हे आपण तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तपासायला दोन वर्षं लागली असती. इरावतीने तळेबंदरच्या माणसांची दोन वर्षं निघणार नाहीत असं सांगितलं, आणि पहिला प्रयोग स्वतःवर केला. सहा वेळा तो प्रसंग पाहिल्यावर ती रात्रभर गाढ झोपली.

मग बाकीचे पंचवीस जण आले. उपचारात कोणालाही अपघाताबद्दल विचारायचं नव्हतं. बोलल्याने आठवण अवेळी उघडेल अशी भीती होती. चोवीस जण रडले, सावरले, कामाला लागले. एकटी प्रयाग चोगले रडली नाही. ही साठीची बाई मासळी सुकवण्याचं काम करायची आणि तिचा नवरा लाँचवर होता. तिने सहाही वेळा तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहिला. इरावतीने नोंदवहीत लिहिलं: 'प्रतिसाद नाही.'

दोन महिन्यांनी चौकशी आयोग बसला. प्रश्न एकच होता. लाँचच्या बंदिस्त केबिनची दारं सुटताना आपोआप कुलूपबंद होत. पाणी शिरल्यावर ती उघडली होती का? प्रवासी मोकळ्या डेकवर आले होते आणि लाटेने ओढले गेले, असं लाँच चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं. बचावपथकाने दारं कापूनच काढली होती, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळत नव्हतं. धक्क्यावरचा कॅमेरा बंद होता. पहिल्या आठवड्यात कोणी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतं, म्हणून पोलिसांनी नावं-पत्ते तेवढे लिहून घेतले होते. सगळी भिस्त त्या सव्वीस जणांवर होती.

पहिल्या साक्षीदाराने शांतपणे सांगितलं, की त्याचा मुलगा मागच्या डेकवर उभा होता आणि त्याने हात वर केला होता. दुसरीची बहीण मागच्या डेकवर होती. तिनेही हात वर केला होता. तिसऱ्याची बायकोही तशीच उभी होती. पाचव्या साक्षीला प्रेक्षकांत बसलेल्या तांबोळींनी मान खाली घातली. चोवीसही जणांनी शपथेवर चित्रपटाचा शेवट सांगितला, आणि त्यांतलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

प्रयागबाई शेवटी आल्या. दारं बंद होती, माणसं आतून काचा बडवत होती, असं त्यांनी सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी प्रयोगशाळेची नोंदवही मागवून घेतली होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तिच्यावर विश्वास ठेवायचा की त्या चोवीस शोकाकुल माणसांवर, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा इरावतीने आपण होऊन साक्ष दिली. तिने सगळा सिद्धांत मांडला. प्रयागबाई रडल्या नाहीत कारण त्यांचा निरोप अपुरा नव्हता. म्हणून त्यांची आठवण उघडली नाही, म्हणूनच ती शाबूत आहे. बाकीच्यांची बदलली आहे, आणि ती माझ्या हातून बदलली आहे.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हीही धक्क्यावर होता. शपथेवर सांगा, तुमचे भाऊ तुम्हाला कुठे दिसले?"



"मागच्या डेकवर," इरावती म्हणाली. "त्याने हात वर केला होता. पण हे खोटं आहे."

"कशावरून?"

"सिद्धांतावरून."

"तुम्हाला दुसरं काही आठवतं का?"

"नाही."

आयोगाने दारं उघडी होती असा निष्कर्ष काढला. कंपनीच्या नव्या लाँच त्याच दारांसह महिन्याभरात सुरू झाल्या.

निकालानंतर इरावती तळेबंदरला प्रयागबाईंच्या घरी गेली. अंगणात बांगडे वाळत होते. तिने माफी मागितली. प्रयागबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं.

"मावशी, त्या दिवशी काय झालं ते मला सांगाल?"

"तू माझ्या शेजारीच होतीस की, बाय."

"तरी सांगा."

प्रयागबाईंनी सांगितलं. त्यांचा नवरा काच बडवायचा थांबला होता. त्याने बायकोकडे बघून घरी जा अशी खूण केली, त्यांनी मान हलवली, आणि मग पाणी काचेच्या वर गेलं. त्याच्या पलीकडच्या खिडकीत सौमित्र होता. त्याने पायातला बूट काढला होता आणि बुटाच्या टाचेने काचेवर मारत होता. काच तडकली, पण फुटली नाही. त्याचं तोंड 'ताई' म्हणतंय हे धक्क्यावरून कळत होतं. इरावतीने पाण्यात उडी घेतली होती. दोघांनी केसांना धरून तिला बाहेर ओढलं, तेव्हा ती त्यांना चावली होती.

"मी काही ओरडत होते?"

"दार उघडा म्हणत होतीस. आवाज बसला तरी म्हणत होतीस."

इरावतीने वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. कितवी खिडकी, किती वेळ, पाणी कुठवर होतं, हे नीट विचारून घेतलं. कुणा अनोळखी बहीणभावाची हकिगत ऐकावी, तेवढंच वाईट तिला वाटत होतं.

प्रयागबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्या रडू लागल्या.

इरावतीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. रडणं ओसरल्यावर तिने वहीत खाली साक्षीदार म्हणून प्रयाग चोगले हे नाव लिहिलं. त्याखाली 'उपस्थित' असा शब्द लिहून ती थांबली. तिथे स्वतःचं नाव घालावं की नाही, हे तिला ठरवता येईना.