रंग न दिलेली खोली

नव्या गिलाव्यावर कोळशाने काढलेली अक्षरं बघून इंजिनिअर दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"माझ्या वर्गाने," ती म्हणाली. "फळा मिळेपर्यंत भिंतच आमची."

"उद्या इथे रंगारी येणार आहेत."

"मग आज 'ज्ञ'पर्यंत पोचायलाच हवं..."

त्याला हसू आलं. ते लपवायला तो खिडकीकडे वळला. पण पाठ फिरवली म्हणून हसू थोडंच लपतं?

मुलं तिला बाई म्हणत, म्हणून साइटवरचे सगळेच म्हणत. या मुलांच्या आया विटा वाहायच्या, बाप परांचीवर चढायचे. एक इमारत झाली की बिऱ्हाड उचलून दुसरीकडे. अशा मुलांना शाळा कुठली घेणार, आणि घेतलं तरी ती तिथे टिकणार किती? म्हणून बाईच त्यांच्यामागून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी रंगारी त्या खोलीकडे फिरकलेच नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. अगदीच इलाज उरला नाही तेव्हा इंजिनिअरने स्वतः सतरंज्या खांद्यावर टाकल्या आणि वर्ग वरच्या मजल्यावर नेला. तिथलाही रंग लांबला. त्या खोलीत उजेड चांगला येतो, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. रंगाऱ्यांचा मुकादम मिशीत हसायचा. साऱ्या साइटला कळलं होतं. कळलं नव्हतं ते या दोघांनाच. किंवा तसं ती दोघं दाखवत तरी होती.

संध्याकाळी ती पाट्या गोळा करायची, तेव्हा तो दारात उभा असायचा. तिच्या गालाला खडू लागलेला दिसला की "इथे..." म्हणून स्वतःच्याच गालावर बोट ठेवायचा. ती मुद्दाम दुसरा गाल पुसायची. मग एकाएकी त्याला घराची आठवण यायची आणि तो निघायचा. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. मुलाखेरीज कुणाच्या हातून ते घास घेत नसत. हे तिला मुकादमाकडून कळलं, आणि त्या दिवसापासून त्याची पाठमोरी चाल तिला जास्तच आवडू लागली.

इमारत पुरी झाली. पुढचं काम लांबच्या गावी निघालं.

"इथल्या शाळेत एक जागा आहे," तो हलकेच म्हणाला. "मी विचारून ठेवलंय."

"आणि ही मुलं? आत्ता कुठे जोडाक्षरं वाचायला लागलीत. आता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल."

त्याने मान डोलावली. 'मग तुम्हीच चला' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं... पण जो बापाला घास भरवतो त्याला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

निघायच्या दिवशी त्याने एकेका मुलाला उचलून ट्रकमध्ये चढवलं. शेवटी तिला हात दिला, आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"जपून जा," तो म्हणाला. एवढंच.

ट्रक सुटला. डोळ्यांत धूळ गेली, असं तिने शेजारी बसलेल्या बायकांना सांगितलं. त्या शहाण्या, एकीने पदराचं टोक पुढे केलं.

शहर मागे पडलं आणि तिचा फोन वाजला.

"बाई... मघाशी राहून गेलं. मला तुम्ही आवडता. फार."

ट्रकची घरघर होती, मुलांचे पाढे चालले होते, तरी तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय म्हणालात? नीट ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

त्याने तेच पुन्हा, चांगलं मोठ्याने म्हटलं. त्याच्या मागून एक जड, अडखळता म्हातारा आवाज आला, "रविवारी येतो म्हणून सांग की. मी कुठे पळून चाललोय? तुझी आत्या भरवेल मला."



"रविवारी... आलो तर चालेल?"

तिने ट्रकच्या मागे लांबत चाललेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण रविवारला अजून फार अवकाश आहे हो..."