धसईहून निघालेली ट्रॉली

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला आता त्याने काही फरक पडत नाही.

मागच्या वर्षीचा मार्च. चौदा तारीख. भर दुपार. कसारा घाट.

माझे मिस्टर सूरज त्याच्या सात महिने आधी वारले. त्यांच्या जागी कंपनीने मला काम दिलं, पण जळगावला. धसईचं घर बंद करून सगळा संसार तिकडे न्यायचा होता. माझा धाकटा भाऊ आदेश धसई-मुरबाड जीप चालवतो. तो म्हणाला, "ताई, टेम्पो कशाला? जुनी बंद ट्रॉली घेऊ. जीपला जोडू. नंतर मला भाजीला कामाला येईल."

शहापूरला तानसाच्या वाटेवर एक ट्रॉली मिळाली. चारी बाजूंनी पत्रा, वर छप्पर, मागे एकच दार. लहानी मावशी म्हणून एक म्हातारी होती, तिच्या नवऱ्याची. तो लग्नांना भांडी भाड्याने द्यायचा.

"तो गेला दोन वर्सांपूर्वी," मावशी म्हणाली. "आता कोन वढनार?"

आम्ही ट्रॉली जोडून निघायला लागलो, तरी ती ट्रॉलीच्या दाराची कडी धरून उभीच होती.

मी तिला काही विचारलं नाही. त्या दिवसांत मी कुणालाच काही विचारत नव्हते.

सामान आम्ही ठासून भरलं. कपाट, गाद्या, भांडी. सूरजची प्लास्टिकची खुर्ची सगळ्यात वर, उलटी. बाहेरून कुलूप. चावी माझ्याकडे.

कसारा सोडलं. घाट सुरू झाला.

आणि...

टक. टक. टक.

"भांडी हलतायत," आदेश म्हणाला.

भांडी तर मी गोधड्यांत गुंडाळली होती.

टक. टक. टक. सावकाश. आतून कुणीतरी पत्र्यावर बोट वाजवावं तसं.

वळणापुढे मोकळी जागा बघून आदेशने जीप बाजूला घेतली. मी कुलूप काढलं. दार उघडलं.

सामान जागेवर होतं. फक्त खुर्ची...

खुर्ची खाली होती. दाराशी. सरळ मांडलेली, तोंड आमच्याकडे.

आदेशचा चेहरा पांढरा पडला. "ताई, बंद कर गो. बंद कर."

मी मात्र आत बघत राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं.

"सूरज?" मी विचारलं.



मग आतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, लांबलेला.

सूरज तेहतीस वर्षांचा होता. हा खोकला म्हाताऱ्या माणसाचा होता.

मी दार लावलं. रडले नाही. घाबरलेही नाही. हा माझा सूरज नाही, एवढंच मनात आलं.

"चल," मी आदेशला म्हटलं.

"इथंच सोडू ट्रॉली!"

"माझा सगळा संसार आहे त्यात. चल."

नाशिक गेलं. मालेगाव गेलं. टकटक चालूच होती. आम्ही कुठेच दार उघडलं नाही.

जळगावला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. खोलीसमोर मी कुलूप काढलं, तशी टकटक थांबली. आदेश दारापासून दोन पावलं बाजूला सरला. एखाद्याला वाट द्यावी तसा.

"का सरकलास?" मी विचारलं.

"म्हायती नाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो रिकामी ट्रॉली घेऊन परत गेला. वाटेत काहीच आवाज आला नाही. तो थेट लहानी मावशीकडे गेला, सगळं सांगितलं आणि तिथूनच मला फोन लावून दिला.

"पोरी," मावशी हळू आवाजात म्हणाली, "कुठं उतरलं गो ते?"

"कोण?"

"आमचं म्हातारं, लडकू. गेल्यापासून त्या ट्रॉलीतच बसून व्हतं. मी दोन वर्सं घराचं दार उघडं ठेवलं. पन उतरलंच नाय." ती रडत होती. "आता ट्रॉली रिकामी आलीय. सांग ना, कुठं उतरलं?"

मला उत्तर माहीत होतं. ट्रॉली घाटात उघडली होती, पण टकटक त्यानंतरही आली. दुसऱ्यांदा ती उघडली ती फक्त माझ्या दारात.

मी फोन ठेवला.

याला आता वर्ष उलटून गेलं. खोलीत आवाज नाही, सावली नाही, काहीच नाही. मी कामावर जाते, घरी येते. रात्री दोघांपुरता भात लावते.

सूरज असतानाची सवय आहे, असं मी शेजारच्या बाईंना सांगते.

पण मी जेवते थोडंसंच. उरलेला भात झाकून ठेवते.

सकाळी पातेलं रिकामं असतं.