तीन मोजल्याशिवाय

खोटं वाटलं तर वाटू दे. बावीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. गाडी का चालू होते आणि का बंद पडते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच त्या मंगळवारी भर दुपारी, अडीच वाजता, माझ्याच गॅरेजमध्ये जे झालं ते अजून माझ्या गळी उतरत नाही.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादा वर्षापूर्वी त्याच गाडीत गेला. हार्ट अटॅक. रस्त्याच्या कडेला, दारं आतून लॉक. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालूच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, माणूस झोपलाय.

हे काम मला दादानेच शिकवलं. चावी फिरवली की लगेच स्टार्टर मारायचा नाही. आधी तीन मोजायचे, पेट्रोलचा पंप भरेपर्यंत.

"पंपाला श्वास घेऊ दे की रे," म्हणायचा.

आता ती गाडी वहिनी चालवते. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची पुतणी, शाळेत जायला.

"भावजी, तीन मोजल्याशिवाय चालूच होत नाही बघा," वहिनी म्हणाली. "तुमच्या दादांसारखीच हट्टी झालीय."

मला हसू आलं. गाडीचा कॉम्प्युटर बिघडला असणार. आम्ही त्याला डबी म्हणतो. चावी ओळखायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तीच ठरवते. डबी काढली की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड.

"जुनी भंगारात टाकतो, नवी बसवतो," मी म्हणालो.

मंगळवारी धूळ फार होती म्हणून शटर खाली ओढलं. डबी काढून समोर टेबलावर ठेवली. शेजारी फोन. मग डॅशबोर्डचे दिवे लागतायत का ते बघायला आत बसलो, दार ओढलं आणि चावी फिरवली.

खट्.

चारही दारं लॉक झाली.

मी खटका वर ओढला. तो परत खाली गेला.

आणि मग... मागच्या सीटखाली पंप गुणगुणला.

एक... दोन... तीन...

इंजिन चालू झालं.

डबी समोर टेबलावर होती. तिला एकही वायर लागलेली नव्हती.

मी चावी बंद केली. उपटून हातात घेतली. इंजिन चालूच. काचा खाली होईनात. कोपर मारून मारून हात बधिर झाला, काच जागची हलली नाही. बंद शटरच्या आत धूर साचत होता. मी हाका मारल्या. ऐकायला कोण होतं?

डोकं जड व्हायला लागलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं... दादा झोपल्यासारखा दिसला, असं लोक म्हणाले. त्याआधी त्यानेही काच वाजवली असेल का?

मला रडू फुटलं.

"दादा, नाही टाकत भंगारात. हीच बसवतो. आईशपथ."

इंजिन थांबलं.

एक... दोन... तीन...

खट्.

शटर उघडून मी रस्त्यावर बसलो. मग जुनी डबीच परत बसवली आणि स्कॅनर लावला. इंजिन शेवटचं किती वेळ चाललं, ते तो डबीतून वाचून दाखवतो.

अकरा मिनिटं.

डबी टेबलावर पडली होती ती अकरा मिनिटं.

वहिनीला म्हणालो, "काही नाही, वायर सैल होती." घाबरलो होतो. तेवढं खोटं बोललो, त्याची आज लाज वाटते.

चार दिवसांनी पुतणीचा फोन आला. "काका, गाडी आता पटकन चालू होते. पण शाळेपाशी थांबलो ना, की दारं उघडत नाहीत. मी तीन मोजते, मग उघडतात."

आज सकाळी परत आला.

"काका, आज वीस मोजले."

वहिनीला सगळं सांगितलं. गाडी संध्याकाळी येतेय. शपथ मोडणार आहे मी. नवी डबी काढून ठेवलीय, शटर पूर्ण वर आहे, हातोडा खिशात आहे.

पण डबी बसवल्यावर चावी फिरवून बघायला कुणीतरी आत बसावंच लागतं.