एकच घाट, दोन नकाशे

साल २०३८. कोंडवली फाट्यावर बाबांनी गाडी थांबवली. डावीकडचा रस्ता घाटातून जाणारा, जवळचा. उजवीकडचा धरणाला वळसा घालणारा, लांबचा. बाबा रक्तपेढीची गाडी चालवत. मागच्या शीतपेटीत रक्ताच्या पिशव्या होत्या आणि घाटापलीकडच्या रुग्णालयात एका बाळंतिणीला ते रक्त तातडीने हवं होतं.

बाबांच्या फोनवरचं 'वाटाड्या' ॲप घाट मोकळा आहे म्हणत होतं. शेजारी बसलेल्या मृदुलाआत्याच्या फोनवरचं 'दिशा' ॲप तोच घाट लालभडक दाखवत होतं.

"दोघांपैकी एक खोटं बोलतंय का?" मागच्या सीटवरून शर्वाणीने विचारलं.

"खोटं कुणीच बोलत नाही," आत्या म्हणाली. ती अशा नकाशांवरच संशोधन करायची. "घाटात काय चाललंय, हे ॲपला कसं कळतं, सांग बरं?"

"उपग्रहावरून?"

"उपग्रहांच्या संदेशांवरून फोनला फक्त स्वतःची जागा समजते. ती तो ॲपच्या कंपनीला कळवत राहतो. कंपनीला प्रत्येक फोन म्हणजे एक ठिपका दिसतो. ठिपके भरभर सरकले तर रस्ता मोकळा. पुष्कळ ठिपके एका जागी खोळंबले, तर रस्ता लाल."

"मग वाटाड्याला ते का दिसत नाहीत?"

"प्रत्येक कंपनीला आपलेच ठिपके दिसतात. बस आणि ट्रकवाले दिशा वापरतात. वाटाड्या शहरातल्या मोटारींत जास्त."

"मृदुला, उगाच वळसा पडला तर अर्धा तास जाईल," बाबा म्हणाले.

शर्वाणी विचार करत होती. "बाबा, घाटात वाटाड्याचा एकही ठिपका नसेल, तर त्याला रस्ता रिकामा वाटेल. आणि रिकामा म्हणजे मोकळा, असं ते धरून चालतंय. लांबून चला."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. गाडी उजवीकडे वळली.

रुग्णालयात परिचारिकेने पेटी जवळजवळ ओढूनच आत नेली. घाटात टँकर आडवा झाल्याचं एका रुग्णवाहिकेच्या चालकाने सांगितलं. रक्त चढवायला सुरुवात झाल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे बाबा बाकावर टेकले.

"दोन्ही कंपन्या ठिपके एकत्र का करत नाहीत?" शर्वाणीने विचारलं.

"जिच्याकडे माणसं जास्त, तिच्याकडे डेटा (जमवलेली माहिती) जास्त," आत्या म्हणाली. "त्यामुळे तिचा नकाशा अचूक होतो आणि आणखी माणसं तिच्याकडे येतात. मग ती आपला डेटा दुसरीला कशाला देईल? आणि खरी अडचण वेगळीच आहे. तुझा ठिपका रात्री कुठे थांबतो, यावरून तुझं घर कळतं. सकाळी कुठे जातो, यावरून शाळा. ही माहिती कुणाच्याही हाती जावी का?"

शर्वाणी म्हणाली, "पण रस्ता तुंबलाय हे सांगायला माझं नाव कशाला लागतं? किती ठिपके, किती वेगाने, एवढं पुरे."

"त्याला निनावीकरण (माहितीतून माणसाची ओळख पुसणं) म्हणतात. नाव पुसणं सोपं, ओळख पुसणं अवघड. पण आता ते जमू लागलंय. सोमवारी दोन्ही कंपन्यांची माणसं पहिल्यांदाच एकत्र बसणार आहेत. मी असेन तिथे. आजची हकिकत सांगेन त्यांना."

"माझाही निरोप दे," शर्वाणी म्हणाली. "ठिपके एकमेकींना द्या. नावं कुणालाच नकोत."