बॉयलरघराची अकरा माणसं

ज्यांना पटत नसेल त्यांनी सोडून द्या. पण संघमित्रा माझी मावसबहीण आहे आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही.

२०२१ चा मार्च. भर दुपार. महापेजवळचा एक बंद पडलेला कारखाना.

संघमित्रा जुन्या इमारती जतन करण्याचं काम करते. तिथलं विटांचं बॉयलरघर वाचावं म्हणून तिने तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. बाजूला टॉवर खुशाल उभारा, एवढं मात्र ठेवा, इतकंच तिचं मागणं.

निकाल लागला... हजेरीच्या बिल्ल्यांची लाकडी फळी तेवढी टॉवरच्या लॉबीत लावायची. बॉयलरघर पाडायचं.

डोंगर पोखरून उंदीर निघाला. तिचं डोकं सणकलं होतं.

फळीचे दोन भाग, 'आत' आणि 'बाहेर'. कामावर येताना कामगार आपला पितळी बिल्ला 'आत' लावायचा, घरी जाताना 'बाहेर'.

सगळे बिल्ले 'बाहेर' होते. अकरा सोडून.

बिल्डरचा इंजिनियर निशांत म्हणाला, फोटोत हे बरं दिसत नाही, सरळ करून टाका. वाद घालून घालून ती थकली होती. रागारागाने तिने अकराही बिल्ले उचलून 'बाहेर' अडकवले.

शेवटचा अडकवला आणि...

बॉयलरघरातली घरघर थांबली.

तीन वर्षं तिला तो आवाज रस्त्यावरच्या ट्रकांचा वाटायचा. ट्रक तर अजूनही जात होते.

मग पावलं... एकामागोमाग एक, अगदी अंगाजवळून. ओल्या राखेचा वास. दिसत कोणीच नव्हतं.

म्हातारा वॉचमन नामा, ज्याची उमर याच कारखान्यात गेली, भिंतीला चिकटून वाट देत उभा होता.

"म्याडम, ह्या काय केलंत? बॉयलर फुटला तवा ही अकरा मानसा आत व्हती. आपला बिल्ला आपुनच हलवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. तुमी त्यांना भायेर काढलंत."

ती बिल्ले परत लावायला धावली. तोवर निशांतच्या माणसांनी फळी टेम्पोत चढवली होती. थांबा म्हणून तिने विनवण्या केल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

चार वाजता बॉयलरघर पडलं.

त्या संध्याकाळपासून संघमित्राच्या नेरूळच्या फ्लॅटबाहेर साडेपाचला कोणीतरी खोकतं...

मग दुसरं. मग तिसरं.

दार उघडावं तर जिना रिकामा. पायपुसण्यावर राख. सोसायटीवाले हसतात.

परवा तिचा धीर सुटला. दार सताड उघडून ती म्हणाली, "या. घरात या."

कोणी आलं नाही.

खोकणं दाराबाहेरच चालू राहिलं. त्यांना तिचं घर नकोच आहे. त्यांना आपल्या जागेवर परत जायचंय, आणि तिथे आता तीन मजली पार्किंग आहे.

मी काय करू, असं ती मला रोज फोनवर विचारते.